सगळा जिल्हा ऐकत होता तेव्हा

शंभर नंबर फिरवायला तेव्हा आधी फोन शोधावा लागे. ऐंशीच्या दशकात आमच्या भीमाकाठच्या जिल्ह्यात फोन असलाच तर ग्रामपंचायतीत, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात, एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरकडे किंवा गावातल्या एखाद्या डॉक्टरकडे. रात्री वस्तीवर दरोडा पडला तर एकानं सायकल काढायची, अंधारात गाव गाठायचं, पंचायतीच्या शिपायाला उठवून कुलूप काढायला लावायचं आणि मग एक्स्चेंजमधल्या माणसाकडे पोलीस ठाणं मागायचं. ठाण्यातला अंमलदार ती वर्दी स्टेशन डायरीत उतरवून घेई आणि त्यानंतर आमच्याकडे, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, सेटवर संदेश येई. मदत मागायला निघालेला माणूस आमच्या कानापर्यंत पोचायला दोन-दोन तास लागत. तोवर दरोडेखोर पुढचा तालुका गाठत.

आज त्याच वस्तीवरची बाई उशाखालचा मोबाईल काढते आणि ११२ दाबते. कॉल नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिचं ठिकाण नकाशावर उमटतं, घटना जिल्ह्याच्या डिस्पॅचरच्या पडद्यावर येते, जवळची गाडी कुठे उभी आहे ते दिसतं आणि त्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे मोबाईल डेटा टर्मिनलवर, घटना जाऊन पडते. गाडी कधी निघाली, कधी पोचली, काय कारवाई झाली, प्रत्येक टप्प्याला वेळेची नोंद होते. निर्भया निधीतून देशभर ही व्यवस्था उभी राहिली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली.

आमच्या पिढीच्या वायरलेसवाल्यांनी दोन्ही काळ पाहिले. तरुणपण सेटसमोर गेलं, नोकरीची शेवटची वर्षं पडद्यासमोर गेली. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्या लेकीसुनांसाठी मला आजचीच व्यवस्था हवी. जुन्या व्यवस्थेत उशीर हाच नियम होता आणि त्या उशिरापायी माणसं गेली. तरीही जुन्या सेटची खरखर आठवली की जीव कासावीस होतो, आणि या कासावीस होण्यावर माझा स्वतःचाच पुरता विश्वास नाही. आपण तेव्हा पंचविशीत होतो, एवढ्यानंही जुनं गोड लागतं. पण सगळं तेवढंच नाही, असंही वाटत राहतं.

तेव्हाचा नियंत्रण कक्ष म्हणजे मुख्यालयाच्या आवारातली एक खोली. टेबलावर व्हीएचएफ सेट, टेबलाखाली बारा व्होल्टची बॅटरी, बाहेर उंच लोखंडी मास्ट. ड्यूटीवर आलं की पहिलं काम बॅटरीचं. हायड्रोमीटर बुडवून ॲसिड बघायचं, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर साचलेली पांढरी बुरशी कोमट पाण्यानं धुऊन वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. वळिवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की अँटेनाची केबल सेटमधून काढून ठेवायची, आणि ती परत लावेपर्यंत अख्खा जिल्हा आपल्या हातून सुटला म्हणून घालमेल सोसायची. संदेश मेसेज फॉर्मवर, कार्बन घालून, तीन प्रतींत. संदेशांतही प्रतवारी होती. साधा, प्रायॉरिटी, इमिजिएट आणि सगळ्यांत वरचा क्रॅश. कुणी 'क्रॅश' एवढं म्हटलं की बोलणारा वाक्य अर्धं टाकून गप्प होई. आमच्या आधीची माणसं मोर्सवर काम केलेली. पुण्याच्या प्रशिक्षणात ती आम्हाला सांगत, की नुसत्या टकटकीवरून पलीकडच्या किल्लीवर कुणाचा हात आहे हे कळतं. आम्हाला ते आवाजावरून कळू लागलं.

आताचा कक्ष थंडगार असतो. भिंतीवर मोठा पडदा, टेबलावर दोन-दोन मॉनिटर, कानाला हेडफोन. भारनियमनाची धास्ती नाही, बोटं कार्बननं काळी होत नाहीत. तिन्ही पाळ्यांत महिला अंमलदार बसतात. आमच्या वेळी एकही नव्हती आणि असती तरी तिला बसायला धड जागा नव्हती. नव्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे. तिथली शांतता जाणवली ती नंतर.

कारण आमची खोली कधी शांत नसे. सकाळी रोल कॉल होई. 'ऑल स्टेशन, ऑल स्टेशन, कंट्रोल. रोल कॉल.' मग ठरलेल्या क्रमानं एकेक ठाणं पुकारायचं. करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सांगोला, मंगळवेढा. पलीकडून उत्तर येई, 'सांगोला हजर, ऑल ओके, ओव्हर.' एवढ्याशा उत्तरात काय काय असे! आवाज बसला असेल तर माणूस रात्रभर जागा आहे. उत्तर उशिरा आलं तर सेटजवळ कुणी नव्हतं, ठाण्यात काहीतरी गडबड आहे. नवा आवाज आला तर बदली झाली. 'ऑल ओके' नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलंय की खरंच, हे सुरावरून कळे. उत्तरच आलं नाही तर तीनदा पुकारायचं आणि मग शेजारच्या ठाण्याला सांगायचं, 'अण्णा, बघा जरा, त्यांचा सेट का बंद आहे.' शेजारचा फोन लावून बघे, नाही लागला तर तिकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देई. शेवटी आम्ही वेळ सांगायचो आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांतली घड्याळं त्या एका वेळेला लावली जायची. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी रोज बोललो त्यांतल्या कित्येकांचे चेहरे मी निवृत्तीपर्यंत पाहिले नाहीत. एकदा एका लग्नात मागून कुणीतरी 'पाणी द्या हो जरा' म्हणालं आणि मी न वळताच म्हणालो, 'करमाळा?' ते करमाळ्याचेच निघाले.

आता घटना ज्या गाडीची, त्याच गाडीला दिसते. शेजारच्या गाडीला तिचा पत्ता नसतो आणि तो असण्याचं कारणही नाही. गोंधळ नाही, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं नाही, 'रिपीट करा, आवाज फाटतोय' नाही. डिस्पॅचर बटण दाबतो, पलीकडे एमडीटी वाजतं, हवालदार 'स्वीकारलं' दाबतो. दोन माणसांमध्ये शब्द न बोलता काम होतं आणि चोख होतं. आमच्या काळात संदेश एकाला देत असू तेव्हा तो सगळेच ऐकत. जुन्या पद्धतीतलं माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हे होतं, आणि सगळ्यांत वाईटही हेच होतं.

मोलाचं कसं ते सांगतो. अनोळखी मयताचे संदेश सेटवरून सगळ्या ठाण्यांना जात. स्त्री, वय अंदाजे चाळीस, बांधा मध्यम, रंग सावळा, अंगात हिरवं लुगडं, डाव्या हातावर तुळशी वृंदावनाचं गोंदण. लिहून घेणारा लिहून घेई आणि फाइलला लावी. एकदा कालव्यात सापडलेल्या बाईचं असं वर्णन आलं. माझ्या जोडीदारानं फॉर्म लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच टोकाच्या ठाण्याकडून एक मिसिंग आली होती, तिच्यात हे वृंदावन होतं. वर्णनातलं बाकी काही जुळत नव्हतं. वय दहानं कमी सांगितलेलं, लुगड्याचा रंग निराळा. त्यानं जुने फॉर्म उपसले, ठाण्याला उठवलं आणि संध्याकाळी एक म्हातारे वडील येऊन तो हात ओळखून गेले. त्यांनी जोडीदाराचे हात हातात घेतले होते. ते मी विसरू शकत नाही.

पण तेही अर्धंच आहे. त्या दिवशी त्याची ड्यूटी नसती तर? ज्यांची गोंदणं कुणाच्याच ध्यानात राहिली नाहीत, अशा किती बायका बेवारस म्हणून पुरल्या गेल्या असतील? आज सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणक जाळ्यात, मिसिंगची नोंद राज्यातल्या कुठल्याही ठाण्याला शोधता येते, फोटो काही क्षणांत पाठवता येतो. संगणक पाळी संपली म्हणून विसरत नाही. चार माणसांच्या स्मरणशक्तीवर जिल्ह्याचा भार टाकणं ही काही व्यवस्था नव्हती, ती आमची जिद्द होती. जिद्दीवर व्यवस्था चालवू नये, हे मला पटतं. आणि तरी त्या फायली उपसणारा माझा जोडीदार डोळ्यांपुढून हलत नाही.

आषाढीला हा सेट वेगळाच होऊन जाई. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरली की पहिला संदेश येई. मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, प्रत्येक मुक्कामाहून 'पालखी स्थिर, सर्व ठीक'. तिकडून तुकोबांची पालखी अकलूजवरून येत असे. दोन्हींच्या वेळा आम्ही फळ्यावर लिहीत असू आणि त्या बघायला मुख्यालयातले स्वयंपाकीसुद्धा खोलीत डोकावत. पंढरपुरात दरवर्षी म्हाताऱ्या माणसांची दिंडी चुके. एखाद्या आजीबाईला गावाचं नाव सांगता येई, तालुका सांगता येत नसे. मग आमचा उद्योग सुरू होई. त्या नावाची गावं पाच-सहा जिल्ह्यांत निघत. प्रत्येक जिल्ह्याच्या कंट्रोलला संदेश, तिथून ठाण्याला, ठाण्यातून पोलीस पाटलाला, पाटलाकडून आजींच्या घरी. उत्तर त्याच वाटेनं उलटं येई. 'म्हातारीचा मुलगा निघाला आहे, तोवर तिला चहापाणी द्यावे.' हे शेवटचं वाक्य संदेशाच्या नमुन्यात कुठेच बसत नसे. तरी दर वेळी कुणीतरी ते घाली आणि वाटेतला एकही ऑपरेटर ते गाळत नसे.

आता दिंडीप्रमुखाचा मोबाईल नंबर आजीच्या गळ्यातल्या कार्डावर असतो. दहा मिनिटांत तिची माणसं तिच्यापुढे उभी राहतात. आजीच्या बाजूनं विचार केला तर याहून चांगलं काय? आमच्या साखळीत तिची रात्र पोलीस चौकीच्या बाकावर जायची.

मृत्यूचे निरोपही आमच्याच हातून जात. मुंबईला गिरणीत असलेला मुलगा गेला, पुण्याला बांधकामावरून पडून कुणी गेलं, की तिकडच्या पोलिसांचा संदेश येई. तारेची लोकांना धास्ती, तार आली म्हणताच घरात रडारड सुरू होई. सेटवरून गेलेला निरोप मात्र पोलीस पाटील स्वतः पायी जाऊन सांगे. ठाण्याला संदेश देताना आम्ही शेवटी तोंडी सांगायचो, 'पाटलांना म्हणावं, सीरियस आहे एवढंच सांगा.' घरातली माणसं प्रवासाला निघेपर्यंत खरं सांगायचं नाही, ही सगळ्यांची ठरलेली रीत. ते खोटं होतं. पण त्या खोट्यापायी एक माणूस चालत येई, ओसरीवर बसे, पाणी मागे आणि कुणाला बरोबर धाडायचं ते ठरवूनच उठे. तार २०१३ मध्ये बंद झाली आणि आता पोलिसांच्या निरोपाआधी अपघाताचा फोटो व्हॉट्सॲपवर पोचतो. आईला मुलाच्या मृत्यूची बातमी फोटोतून कळते. या एका बाबतीत मी जुन्याची बाजू बिनदिक्कत घेतो.

आता वाईटाकडे येतो. सगळा जिल्हा ऐकत होता, म्हणजे सगळा जिल्हा ऐकत होता. कुणाची मुलगी घरातून निघून गेली तर तिचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, सगळं हवेवर. ठाण्याच्या ओसरीवरचा चहावाला ते ऐके आणि संध्याकाळपर्यंत बाजारात पोचवी. त्या मुलीनं पुढे त्या गावात कसं जगावं, असा विचार आमच्या मनातही येत नसे. आणि साखळीतला महत्त्वाचा दुवा म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पाटील आला. पण गाव तेच होतं. ज्यानं मारलं तो पाटलाच्या भावकीतला असेल तर वर्दी ओसरीवरच मिटे. नवऱ्याचा मार खाणारी बाई पंचायतीतल्या फोनपर्यंत येणार कशी? शिपायाला काय सांगून कुलूप काढायला लावणार? ती येतच नसे. रात्र सुनी जाई आणि आम्ही लॉगबुकात लिहायचो, जिल्हा शांत. त्या शांततेवर आम्ही वर्षानुवर्षं सह्या केल्या.

११२ आल्यावर पहिल्या काही रात्रींतच जिल्हा किती अशांत होता ते दिसलं. नवरा दारू पिऊन मारतोय, दिरानं घराबाहेर काढलं, सासू औषधाला पैसे देत नाही. बाई चुलीपाशी उभी राहून हळू आवाजात बोलते आणि मधे ना पाटील असतो, ना शिपाई, ना चहावाला. गाडी येते, हवालदार नवऱ्याला दटावतो, कधी ठाण्यात नेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होत असेल, पण एका रात्रीपुरता का होईना तिच्या बाजूनं दार वाजतं. असे कॉल पाहिल्यापासून 'आमच्या वेळी गुन्हे कमी होते' म्हणणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांशी मी वाद घालतो. कमी होते ते फोन.

पत्त्याचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. आमच्या भागात माने वस्ती एकाच तालुक्यात चार-पाच असतात. ओढ्याअलीकडची, ओढ्यापलीकडची, कॅनॉलवरची, माळावरची. घाबरलेला माणूस सांगतो, 'माने वस्ती, म्हसोबाच्या आंब्याजवळ.' नवी मुंबईत कॉल घेणारी मुलगी हुशार आहे, सौजन्यानं बोलते, पण हा म्हसोबा तिनं कुठून ओळखावा? टॉवरवरून आलेलं ठिकाण शहरात निदान त्या भागापर्यंत नेतं. आमच्याकडे टॉवर लांब-लांब, त्यामुळे ते दोन-चार किलोमीटरचं वर्तुळ दाखवतं. मग गाडीतला हवालदार त्या माणसाला फोन लावून वाट विचारत जातो. जुना ऑपरेटर आधी विचारी, 'पाण्याची टाकी दिसते का? कुठल्या हाताला?' आणि सेटवर सांगे, 'कारखान्याच्या फाट्यावरून आत घ्या, पूल ओलांडू नका.' हा नकाशा आम्ही कागदावर कधीच उतरवला नाही. एकेक माणूस निवृत्त होत गेला आणि त्याच्याबरोबर शंभर-दोनशे वस्त्या कक्षातून गेल्या.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीला घड्याळासकट आठवते, तीन छपन्न. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून माणसं नुकती पाठ टेकत होती, कित्येक गणवेशातच. त्यामुळे सेट जागे होते. जमीन हलली तशी ठाणी एकामागून एक बोलू लागली. काय झालंय कुणालाच कळत नव्हतं, पण जो तो आपल्या इथलं सांगत होता आणि बाकीचे ऐकत होते. कुठे धक्का किती मोठा, भांडी कुठे पडली, भिंत कुठे फुटली, हे ऐकता ऐकता थोड्या वेळात आमच्या ध्यानात आलं की पूर्वेकडे जावं तसा आवाजातला थरकाप वाढतोय. किल्लारीचं नाव नंतर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या माणसांना आमचा सेट काही वाचवू शकला नाही. पण कुणी न विचारता सगळे एकमेकांचं ऐकत होते, म्हणून आम्हाला दिशा कळली होती.

हल्लीच्या एखाद्या पुरात बघा. उजनी धरणातून लाख-दीड लाख क्युसेक सोडतात, वीर धरणाचं नीरेतलं पाणी नरसिंहपूरला भीमेत मिळतं आणि काठच्या गावांत वीज जाते. विजेपाठोपाठ टॉवर जातात. गावातून ११२ लागत नाही, गाडीतलं एमडीटी ठिकाण दाखवायचं थांबतं, व्हॉट्सॲपचा ग्रुप मुका होतो. तेव्हा कोपऱ्यातला सेट कुणीतरी उघडतो. सेट चालतो. पण पलीकडची पोरं चाचरतात. कुणाच्या मागून कुणी बोलायचं, बटण कधी सोडायचं, आपलं बोलून झालं हे कसं सांगायचं, याची जिभेला सवय नसते. आणि अंमलदारानं 'ठीक आहे' म्हटलं तरी त्या आवाजात ठीक आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. त्यानं तो आवाज आधी कधी ऐकलेलाच नसतो.

म्हणून अजून कुणी विचारलं तर मी एकच मागणं मागतो. पडदे राहू देत, एमडीटी राहू दे, बाईचं नाव हवेवर कधीही जाऊ नये. पण रोज सकाळी पाळी बदलताना सेटवर पूर्ण रोल कॉल घ्यावा, सगळ्या ठाण्यांचा, माणसाच्या तोंडून. नुसती हजेरी नको. रात्री पाऊस किती झाला, कुठला पूल पाण्याखाली आहे, सेटवर आज कोण बसलंय, एवढं प्रत्येकानं सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. पंधरा मिनिटांत होतं. गाड्यांवरच्या पोरांनाही त्या वेळी सेटचा आवाज वाढवून ठेवायला सांगावं, आणि पहिला आठवडा ठाण्यांची नावं पुकारायला एखाद्या जुन्या माणसाला बोलवावं. आमच्यातले बरेच जण जिल्ह्यातच राहतात, कुणीही येईल.